रोमकरांस पत्र आणि नाताळचा फराळ

आमच्या घरी नाताळच्या दुपारी दोन गोष्टी हमखास व्हायच्या. आईच्या करंज्यांचा डबा रिकामा व्हायचा आणि वडिलांचं नि मामाचं भांडण व्हायचं. भांडण म्हणू नका, वाद म्हणा, असं आई म्हणायची. पण एका वर्षी आवाज ऐकून शेजारच्या काकू दार वाजवून विचारून गेल्या होत्या, सगळं ठीक आहे ना म्हणून.

वाद जमिनीचा नव्हता, पैशाचा नव्हता, निवडणुकीचाही नव्हता. माणसाचं तारण होतं ते देवाने त्याला जगाच्या आरंभाआधीच निवडलेलं असतं म्हणून, की देव सगळ्यांनाच हाक मारतो आणि ज्याला ऐकू येतं तो ओ देतो म्हणून, एवढाच प्रश्न. मामा पहिल्या बाजूचा, वडील दुसऱ्या.

मामा नगरचा. नगरचं आता अहिल्यानगर झालं, पण मामाच्या तोंडी शेवटपर्यंत नगरच राहिलं. आईचं माहेर अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतलं, म्हणजे चर्चमधलं. हे मिशनरी 1813 मध्ये मुंबईला उतरले आणि 1831 मध्ये नगरला पोचले. ते न्यू इंग्लंडकडचे काँग्रिगेशनल लोक, कॅल्व्हिन या धर्मसुधारकाच्या, म्हणजे मामाच्या बाजूच्या, शिकवणीत वाढलेले. वडील पुण्याच्या मेथडिस्ट मंडळीतले, म्हणजे दुसरी बाजू घेणाऱ्या जॉन वेस्लीच्या गोतावळ्यातले. लग्न जुळवताना दोन्हीकडच्यांनी नोकरी विचारली, पगार विचारला, आडून आडून पूर्वीची जातही विचारली. पूर्वनियोजनाबद्दल, म्हणजे देवाने आधीच निवडून ठेवण्याबद्दल, मुलाचं मत काय, हे मात्र कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी हे लिहायला नसतो.

मामाचा हुकमी अध्याय बायबलातल्या रोमकरांस पत्राचा नववा. याकोब आणि एसाव ही जुळी भावंडं अजून आईच्या पोटात आहेत, बरं-वाईट काहीच केलेलं नाही, आणि तरी देवाची निवड ठरलेली आहे. मग तो कुंभार, तोच चिखलाचा गोळा, आणि मडक्याने कुंभाराला जाब विचारायचा नाही. मामा हे वाचायचा तेव्हा चष्मा कपाळावर सरकवायचा. पाठ होतं, चष्मा लागत नव्हता. वडील मग तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र काढायचे: सर्व माणसांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे. “सर्व म्हणजे सर्व, मेव्हणे. यादीतले सर्व असं लिहिलेलं नाही.” त्यावर मामा म्हणायचा, “दाजी, देवाची इच्छा आहे आणि ती पुरी होत नाही, असा देव मला नको.” वडील म्हणायचे, “आणि जो हाक मारतो पण ऐकण्याचा कान मुद्दामच देत नाही, असा मला नको.”

इथपर्यंत करंज्या अर्ध्या झालेल्या असायच्या.

त्या विचारपूस करणाऱ्या काकूंना एकदा वडिलांनी वादाचा विषय समजावून सांगितला. त्या म्हणाल्या, “म्हणजे नशीबच की. आमच्यात प्रारब्ध म्हणतात.” मामा केवढा दुखावला! नशिबाला तोंड नसतं काकू, म्हणाला, इथे बाप आहे. मामाला कुणी दैववादी म्हटलेलं खपायचं नाही. वडिलांनी तो शब्द त्याच्यावर कधी टाकला नाही, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. सोपा होता, हाताशी होता, शेजारणीने ताटात वाढून दिला होता. पण तो मामाचं म्हणणं नव्हता, म्हणून वडिलांनी तो घेतला नाही.

मी कॉलेजात गेल्यावर या वादाची वंशावळ शोधायला लागलो. आपल्या घरातलं भांडण आधी कुणाच्या घरात झालं होतं, एवढंच बघायचं होतं. पहिल्यांदा हाती लागलं ते चांगलं नव्हतं. 1551 मध्ये जिनिव्हात बोल्सेक नावाच्या माणसाने पूर्वनियोजनाला उघड विरोध केला तर त्याला शहराबाहेर घालवलं. हॉलंडात पूर्वनियोजनाला हरकत घेणाऱ्या आर्मिनियस या धर्मपंडिताच्या मृत्यूनंतर त्याच्या अनुयायांनी 1610 मध्ये आपली पाच कलमं मांडली. 1618-19 मध्ये डॉर्ट गावी मोठी धर्मसभा भरली आणि त्यांना धुडकावलं गेलं. त्यांची पाठराखण करणाऱ्या ओल्डनबार्नेव्हेल्ट या सत्तरी ओलांडलेल्या मुत्सद्द्याचं मे 1619 मध्ये डोकं उडवलं. त्यात राजकारण पुष्कळ होतं, हे खरं. ह्यूगो ग्रोशियस हा कायदेपंडित तुरुंगात गेला आणि 1621 मध्ये पुस्तकांच्या पेटीत बसून पळाला. हे मी मामाला सांगितलं तेव्हा तो पेटीवर खूश झाला, डोक्यावर काही बोलला नाही.

वसईचा माझा एक कॅथलिक मित्र म्हणतो, तुम्हा प्रॉटेस्टंटांना वाटतं हा तुमचाच मक्ता आहे. त्यांच्याकडेही जेझुइट आणि डॉमिनिकन या दोन धर्मसंघांत कृपा आणि मानवी इच्छा यांवरून असंच पेटलं होतं. पोपसमोर वर्षानुवर्षं बैठका झाल्या. शेवटी 1607 मध्ये पाचव्या पॉलने निकाल दिला तो असा, की निकाल देत नाही. दोघांनीही आपापलं शिकवावं, एकमेकांना पाखंडी म्हणू नये. मित्राला हा निकाल फार शहाणपणाचा वाटतो. मला तो शाळेतल्या मास्तरांनी दोघांनाही वेगळ्या बाकांवर बसवावं तसा वाटतो. वर्ग शांत झाला, बोलणं थांबलं.

मला खरं गुंतवलं ते वेस्ली आणि व्हिटफील्ड यांनी. कारण ते एका बाकावरचे होते.

जॉन वेस्ली 1703 चा, पाळकाच्या घरातला, ऑक्सफर्डमध्ये लिंकन कॉलेजचा फेलो. जॉर्ज व्हिटफील्ड त्याच्याहून अकरा वर्षांनी लहान, ग्लॉस्टरच्या एका खाणावळवजा सराईत वाढलेला. ऑक्सफर्डला तो श्रीमंत मुलांची कामं करून शिकला. वेस्लीचा धाकटा भाऊ चार्ल्स याने त्याला न्याहारीला बोलावलं आणि त्यांच्या प्रार्थनामंडळात ओढलं. पुढे गुरू-शिष्याचं नातं उलटं झालं. फेब्रुवारी 1739 मध्ये व्हिटफील्डने ब्रिस्टलजवळ किंग्जवूडच्या कोळसा खाणकामगारांना उघड्यावर उपदेश केला. काळ्या गालांवरून आसवांचे पांढरे ओघळ उतरताना त्याला दिसले. त्याने वेस्लीला बोलावून घेतलं. देवळाबाहेर आत्मे वाचवणं हे जवळजवळ पापच, असं मानणारा हा शिस्तीचा माणूस 2 एप्रिलला उघड्या मैदानात उभा राहिला. मेथडिस्ट चळवळीची ती सुरुवात, आणि तिला हात धरून मैदानात आणणारा माणूस कॅल्व्हिनच्या मताचा होता. वडिलांना हे मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “हे तुझ्या मामाला सांगू नकोस.” मी अर्थातच सांगितलं.

महिन्याभरात ठिणगी पडली. वेस्लीने ब्रिस्टलमध्ये पूर्वनियोजनाविरुद्ध प्रवचन दिलं. साधंसुधं नव्हतं ते. या शिकवणीने तुम्ही देवाला सैतानाहून क्रूर, खोटा आणि अन्यायी ठरवता, इथपर्यंत त्याने मजल मारली. हे छापावं की नाही याचा निर्णय त्याने कसा घेतला, तर चिठ्ठी टाकून! चिठ्ठी निघाली, उपदेश कर आणि छाप. सगळं आधीच ठरलेलं नसतं, हे सांगायला निघालेला माणूस चिठ्ठीवर भार टाकतो, यावर मामा दर नाताळात एकदा तरी हसायचा. गप्प राहू, दोघांच्याही भल्याचं आहे, अशी विनवणी व्हिटफील्डने केली होती. तो ऑगस्टमध्ये अमेरिकेला निघून गेल्यावर प्रवचन छापून बाहेर आलं.

व्हिटफील्डचं उत्तर आलं ते जॉर्जियातल्या त्याच्या अनाथाश्रमातून, तारीख 24 डिसेंबर 1740. नाताळच्या आदल्या दिवशी. (आमच्या घरची परंपरा कुठून आली ते कळलं.) त्यातला एक मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. देवाने निवडलेलेच वाचणार असतील तर उपदेश कशाला, हा वेस्लीचा सवाल. व्हिटफील्ड म्हणतो, निवडलेला कोण हे आपल्याला ठाऊक नाही, म्हणून सगळ्यांनाच सांगायचं. आणि देवाने ज्यांना निवडलंय त्यांना बोलावण्याचं साधनच उपदेश आहे. म्हणजे शेतातल्या गर्दीसमोर उभे राहिल्यावर दोघांचं वागणं तंतोतंत सारखं, कुणालाही वगळायचं नाही. पण त्याच पत्रात त्याने एक गोष्ट केली ती करायला नको होती. वेस्लीने पूर्वी त्याच्या प्रवासाबद्दल खाजगीत चिठ्ठी टाकली होती आणि ती चुकली होती, ती गोष्ट त्याने चव्हाट्यावर आणली. मताचं उत्तर मताने देता देता मित्राचं गुपित वापरलं.

मी या प्रकरणात सर्वांत जास्त वेळ थांबलो तो 1 फेब्रुवारी 1741 च्या दिवसावर. व्हिटफील्डचं एक खाजगी पत्र कुणीतरी दोघांनाही न विचारता छापलं आणि लंडनला वेस्लीच्या फाउंड्री या सभागृहाच्या दारात वाटलं. वेस्लीने प्रवचन संपवलं, लोकांना हकीकत सांगितली आणि म्हणाला, व्हिटफील्ड स्वतः इथे असता तर त्याने जे केलं असतं तेच मी करतो. त्याने हातातली प्रत टराटरा फाडली. ज्यांच्या ज्यांच्या हातात होती त्यांनीही फाडली. दोन मिनिटांत एकही अखंड प्रत उरली नाही, असं त्याच्या रोजनिशीत आहे.

आणि यानंतर दोन महिनेही झाले नाहीत तोच, 28 मार्चला, व्हिटफील्ड त्याला तोंडावर सांगतो की आपण दोघं दोन वेगळी शुभवर्तमानं सांगतोय, मी तुला सहभागितेचा हात देणार नाही, उलट तुझ्याविरुद्ध उघड उपदेश करीन.

पत्रं फाडल्याने मन वळत नाही, हे मला इथे पटलं. सौजन्य दाखवलं की समोरचा विरघळतो, असल्या गोष्टी रविवारच्या शाळेत ठीक आहेत. इथे विरघळायला वेळ लागला. त्याच वर्षी पुढे व्हिटफील्डने चिठ्ठीचं गुपित फोडल्याबद्दल क्षमा मागितली, मताबद्दल नाही. वेस्लीने क्षमा केली, मत सोडलं नाही. दोघांच्या संस्था वेगळ्या झाल्या त्या झाल्याच. पण ते एकमेकांकडे पुन्हा जाऊ लागले, एकमेकांच्या व्यासपीठावर उभे राहू लागले.

चार्ल्स वेस्लीने 1739 मध्ये एक नाताळगीत लिहिलं होतं. पहिल्या ओळीत त्याने आकाशासाठी ‘वेल्किन’ असा जुनाट शब्द वापरला होता. व्हिटफील्डने 1753 मध्ये आपल्या गीतसंग्रहात ते घेताना ती ओळ बदलली, देवदूत आणले, आणि गीत ‘हार्क द हेरल्ड एंजल्स सिंग’ झालं. मेंडेलसनची चाल पुढच्या शतकात लागली. आमची कॅरल पार्टी डिसेंबरच्या थंडीत स्वेटर घालून गिटार घेऊन दारोदार हेच गात फिरते, आणि मामा नि वडील एकाच ओट्यावर उभे राहून गायचे. आर्मिनियसवाल्याचं गीत, कॅल्व्हिनवाल्याची दुरुस्ती. ते गाताना दोघांपैकी एकालाही हे माहीत नव्हतं.

व्हिटफील्ड अटलांटिक तेरा वेळा ओलांडून गेला आणि सातव्या फेरीत, 30 सप्टेंबर 1770 ला, मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूबरीपोर्टला वारला. आपण परदेशी मेलो तर लंडनला अंत्यप्रवचन वेस्लीनेच करावं, असं त्याने सांगून ठेवलं होतं. मृत्युपत्रात दोघा वेस्ली बंधूंना शोकाच्या अंगठ्या ठेवल्या. शिकवणीच्या काही मुद्द्यांवर मतभेद असूनही मनाने आणि ख्रिस्ती प्रीतीने अभंग असलेल्या आमच्या ऐक्याची खूण म्हणून, असं लिहून. वेस्लीने 18 नोव्हेंबरला प्रवचन केलं. कमी महत्त्वाच्या मुद्द्यांवर आपण आपलं मत ठेवावं आणि दुसऱ्यालाही ठेवू द्यावं, असहमत राहण्यावर सहमत व्हावं, असं तो म्हणाला. मात्र व्हिटफील्डच्या मूळ शिकवणीची यादी सांगताना ‘निवड’ त्याने वगळली. कॅल्व्हिनवाद्यांनी लगेच बोट ठेवलं, आणि माझ्या मते बरोबरच ठेवलं. ज्याच्यासाठी माणूस आयुष्यभर उभा राहिला ते त्याच्या अंत्यप्रवचनात गाळणं हा गोड बोलण्यातला अनादर आहे. वेस्ली काही साधू नव्हता. त्याच वर्षी त्याने टॉप्लेडी या तरुण कॅल्व्हिनवादी पाळकाच्या पुस्तकाचा खोडसाळ संक्षेप काढला: वीसातला एक निवडलेला, तो काहीही करो, वाचणारच. एकोणीस टाकलेले, ते काहीही करोत, बुडणारच. आणि खाली टॉप्लेडीची आद्याक्षरं सहीसारखी ठोकली. टॉप्लेडीनेही मग त्याला म्हातारा कोल्हा म्हणून उट्टं काढलं. वेस्ली बंधूंची आणि टॉप्लेडीची गीतं आज एकाच पुस्तकात शेजारी शेजारी छापलेली असतात, बिचारी.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर चित्र फार गोड होईल. व्हिटफील्ड जॉर्जियात गुलामगिरीला कायदेशीर करा म्हणून झटला आणि त्याच्या अनाथाश्रमाच्या जमिनीवर गुलाम राबले. वेस्लीने 1774 मध्ये गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली. देवाने कुणाला निवडलं यावर एवढी पत्रं झाली. त्या राबणाऱ्या माणसांना माणसाने कसं ‘निवडलं’, यावर दोघांची अशी जाहीर लढत झाली असती तर मला जास्त आवडलं असतं.

मामाला यातलं सगळ्यात आवडायचं ते चार्ल्स सिमियनचं. सिमियन केंब्रिजचा तरुण पाळक, पंचविशीतला. वेस्ली ऐंशी ओलांडलेला. डिसेंबर 1784 मध्ये त्यांची भेट झाली. सिमियनने पुढे हा संवाद स्वतःचं नाव न घालता लिहून ठेवला. तो म्हणतो, महाराज, तुम्हाला आर्मिनियसवादी म्हणतात, मला कधी कधी कॅल्व्हिनवादी म्हणतात, म्हणजे आपण खंजीर उपसायला हवेत. पण आधी काही प्रश्न विचारू का? आणि तो विचारत जातो. देवाने आधी मनात घातलं नसतं तर तुम्ही त्याच्याकडे वळला असता का? नसतो. स्वतःच्या कृत्यांनी स्वतःला वाचवू शकता का? नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत ख्रिस्तच. मग आईच्या हातातल्या तान्ह्या मुलासारखं देवाने तुम्हाला क्षणोक्षणी धरून ठेवायला हवं का? हो, संपूर्ण. तर मग, सिमियन म्हणतो, मी खंजीर म्यान करतो, माझा कॅल्व्हिनवाद तो एवढाच.

माझ्या ऑफिसातल्या एका अय्यंगार सहकाऱ्याला हे ऐकवलं तर तो टेबलावर हात मारून हसला. त्यांच्यात वडकलै आणि तेन्कलै असे दोन पंथ. एकाचं म्हणणं, भक्ताने माकडाच्या पिलासारखं आईला घट्ट धरावं. दुसऱ्याचं, मांजरीचं पिलू काही धरत नाही, आईच मानेला धरून नेते. कपाळावरचं नामसुद्धा वेगळं. घरी येऊन मामाला सांगितलं. मामा म्हणाला, “मी मांजर.” वडील म्हणाले, “ते आम्हाला कधीपासून ठाऊक आहे.”

29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. वेस्लीच्या त्या अंत्यप्रवचनाला दोनशे वर्षं आणि अकरा दिवस झाले होते. मामाच्या काँग्रिगेशनल-प्रेस्बिटेरियन लोकांबरोबर त्यात ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्टही गेले. अमेरिकन परंपरेचे, म्हणजे वडिलांचे, वाटाघाटी पार पडल्यावर ऐनवेळी बाहेर राहिले. “दाजी, तुमचे लोक बोहल्यावरून उठून गेले,” हे मामाचं पेटंट वाक्य. वडिलांकडे याला उत्तर नव्हतं, कारण त्यांनाही ते मनातून लागलं होतं.

माझं स्वतःचं विचाराल तर काम अंगावर असताना मी वडिलांच्या बाजूचा असतो आणि ताप चढला की मामाच्या.

मामाचा मोठा मुलगा, माझा दादा, ट्रक चालवायचा. विशीतच त्याने देवळात येणं सोडलं. प्यायचा. भांडून गेला की महिनोन्‌महिने घरी यायचा नाही. नगर रोडला पहाटे अपघातात गेला तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. आम्ही पोचलो तेव्हा मामा अंगणात खुर्चीवर बसला होता, चष्मा कपाळावर. लोक येत होते, सलाम करून बसत होते. कुणीच ते बोलत नव्हतं, पण मंडळीतली माणसं, प्रत्येकाच्या मनात तेच होतं. वडिलांच्या शिकवणीप्रमाणे पाहिलं तर दादाने ओ दिली नव्हती. मामाच्या शिकवणीप्रमाणे पाहिलं तर... ते मामा स्वतः बघत बसला होता.

दफनानंतर घरी प्रार्थना होती. पाळकसाहेब होते, तरी मामा म्हणाला, “दाजी, तुम्ही करा.”

माझे वडील प्रार्थनेला उभे राहिले की मेथडिस्ट थाटात दहा मिनिटं सहज घेत. त्या दिवशी ते बराच वेळ नुसते उभे राहिले. मग म्हणाले, “बापा, तू एकदा धरलेला हात सोडत नाहीस, असं माझे मेव्हणे मला तीस वर्षं सांगतायत. मला ते पटलेलं नाही, तुला माहीत आहे. पण आज ते खरं असू दे.” आणि आमेन न म्हणताच बसले. आमेन मामा म्हणाला.

त्या डिसेंबरात मामा येईल असं आम्हाला वाटलं नव्हतं. आईने करंज्या केल्या, पण अर्ध्याच. मामा आला, नेहमीच्या खुर्चीत बसला, चहा घेतला. नगरच्या पाण्याबद्दल बोलला, थंडीबद्दल बोलला. मग वडिलांकडे न बघता म्हणाला, “दाजी, त्या दिवशी तुम्ही हरलात बरं का.”

“हरलो नाही,” वडील म्हणाले. “उसनं घेतलं होतं. परत करायचंय. काढा, रोमकरांस नववा काढा.”

मामाने चष्मा कपाळावर सरकवला. आई उठून आत गेली, परातीत उरलेलं सारण होतं ते घेऊन पुन्हा लाटायला बसली.